कापलेल्या स्प्रिंगा

2018 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या एका धर्मग्रामात दोन महिने बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आम्हांला आला. शेजारी एक सद्गृहस्थ राहत. शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. पत्नीला देवाज्ञा होऊन चार वर्षे झाली होती. एकुलता मुलगा शहरातून घरी परतला होता. पण बापलेकांत संभाषण असे नव्हतेच. कारण विचाराल, तर गॅरेजमध्ये उभी असलेली एक छोटी लाल मोटार.

माझ्दा कंपनीची 'मियाटा' ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. इंजिन अवघे 1.6 लिटरचे, ताकद 116 अश्वशक्तीची आणि वजन टनाच्या आतबाहेर. तिचे वैभव ताकदीत नव्हते, तोलात होते. पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळजवळ सारखाच पडे. त्या बाईंनी ती 1990 साली हौसेने घेतली होती.

मुलाला छंद होता ऑटोक्रॉसचा. इंग्लंडात या नावाची शर्यत गवतावर किंवा मातीवर होते. अमेरिकेत मात्र मोकळ्या डांबरी पटांगणावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी एकच मोटार धावते, स्पर्धा घड्याळाशी. साधारण मिनिटभराचा खेळ, आणि पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे दोन सेकंदांचा दंड.

मोटार जमिनीलगत बसावी म्हणून मुलाने वडिलांच्या माघारी चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा ग्राइंडरने कापून टाकला होता. मोटार दिसायला झोकदार झाली, पण वळणावर उड्या मारू लागली. वडील एवढेच म्हणाले, "आईची गाडी कापलीस." त्यानंतर घरात शांतता होती.

आम्ही समेट घडवण्याच्या हेतूने गॅरेजमध्ये पाऊल टाकले. सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो, पाना धरायला शिकलो नाही. आमच्या हाती बॅटरी देण्यात आली आणि प्रकाश कुठे पाडायचा ते सांगण्यात आले. उपदेशाचा प्रसंग आलाच नाही. बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही आमच्याशी बोलत होते.

"फादर, मोटार जमिनीला धरून असते ती चार तळहातांएवढ्या रबरावर," वडील सांगत. "वळणावर भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो हळूहळू गेला तर टायर धरून ठेवतो, एकदम गेला तर सोडून देतो." कापलेल्या स्प्रिंगांमुळे मोटार इतकी खाली आली होती की वळणात सस्पेन्शनची हालचाल संपून ते रबरी थांब्यावर आदळे. त्या क्षणी चाकावर धक्का बसे आणि पकड सुटे.

मुलाचे मत निराळे होते. त्याला टर्बो बसवायचा होता. "फादर, ताकद वाढल्याशिवाय वेळ कसा कमी होणार?" यावर वडिलांचे उत्तर, तेही आमच्यामार्फत, असे की टर्बो लावला की शर्यतीतला वर्ग बदलतो. मग गाठ पडते ती नखशिखान्त बदललेल्या मोटारींशी. शिवाय वळणात टायर आधीच घसरत असेल, तर वाढीव ताकद त्याला आणखी घसरवील. आधी पकड, मग ताकद.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा एक खोके घेऊन आला. अपघातात मोडलेल्या त्याच सालच्या मियाटाच्या चार मूळ स्प्रिंगा त्यात होत्या. त्या त्याने बसवल्या नाहीत. फळीवर ठेवल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'आईच्या गाडीसाठी'. मोटार वाटेल तेव्हा पूर्ववत करता यावी, एवढाच त्याचा अर्थ. वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि त्या दिवशी प्रथमच ते थेट मुलाला म्हणाले, "तो जॅक इकडे सरकव."

मग काम झपाट्याने झाले. थोड्या ताठ नव्या स्प्रिंगा बसल्या, पण उंची बेतानेच कमी केली. कमीजास्त कडक करता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आले. वळणात मोटार कलंडू नये म्हणून पुढचा आडवा दांडा जाड घातला. वळणावर टायर सपाट टेकावा म्हणून चाकांचे माथे किंचित आत झुकवले. इंजिन उघडण्यापूर्वी चारही सिलिंडरांचा दाब मोजला. तो सारखा भरला. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप नवा घातला. ठिणगीची वेळ दहा अंशांवरून चौदा अंशांवर आणली. त्यासाठी पेट्रोल थोडे महाग प्रतीचे लागते, एवढेच.

या पहिल्या वर्षांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे टोक आखूड असते. तिथला बोल्ट नीट आवळला नाही, तर पुली डुगडुगते आणि कालांतराने शाफ्टच निकामी होतो. तो बोल्ट आवळताना वडिलांनी टॉर्क पाना मुलाच्या हाती दिला आणि स्वतः आकडासुद्धा पाहिला नाही. आम्ही बॅटरी धरून होतो, आम्ही पाहिले.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या शनिवारी शर्यत होती. मोटार एक, चालक दोन. एक उतरला की दुसरा बसण्यापूर्वी तापलेल्या टायरांवर पाणी शिंपडायचे. आम्हांला एका वळणावर शंकू उभे करण्याची सेवा मिळाली. प्रत्येक शंकूच्या पायाभोवती खडूची चौकट असते. शंकू हलला, पण उभा राहून रेषेला शिवत असला तर दंड नाही.

वडिलांची वेळ चांगली लागली. मुलाची शेवटची फेरी त्याहून सरस दिसत होती. आमच्याच वळणावर मोटारीचा मागचा कोपरा शंकूला निसटता लागला. शंकू उभाच होता, मात्र चौकटीपासून दोन बोटे दूर. आजूबाजूला कोणी नव्हते. पायाने किंचित सरकवला असता तर कोणास कळले असते? तो मोह आम्हांला झाला, हे कबूल करतो. शेवटी आम्ही हात वर करून दंडाची खूण केली. वडिलांची वेळ अबाधित राहिली.

संध्याकाळी मुलगा आम्हांला शोधत आला. "फादर, शंकू किती बाहेर होता?"

"दोन बोटे," आम्ही म्हणालो.

तो मागे वळला आणि वडिलांना ओरडून म्हणाला, "बाबा, दोन बोटे फक्त! पुढच्या वेळी तुम्ही हरणार!" वडील टायरांवर पाणी शिंपडत होते. त्यांनी तो पाण्याचा फवारा तसाच मुलाच्या अंगावर उडवला.