गाडी क्रेटाच्या भावात, खर्च मात्र साठ लाखांच्या गाडीचा

गेल्या काही महिन्यांत तालुक्यातल्या तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, दिल्लीची झी-फोर मिळतेय, नव्या क्रेटाच्या भावात. घेऊ का?" पत्रकार म्हटलं की याला आरटीओतलं सगळं कळतं, असा लोकांचा समज. थोडंफार कळतं, तेवढं सांगतो.

आधी, या गाड्या इकडे येतात का? दिल्ली परिसरात 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर आणायला असलेली बंदी सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये कायम केली. पुढे त्यात बदल होत राहिले, पण पंधरावं वर्ष जवळ आलं की तिथला मालक गाडी काढतोच. म्हणून ती स्वस्त दिसते.

इथंच गोम आहे. गाडीचा भाव उतरतो, पार्टचा भाव उतरत नाही. पन्नास-साठ लाखांच्या गाडीचा पंप, सेन्सर, ब्रेक त्याच गाडीच्या हिशोबानं मिळतात. तुम्ही ती कितीला घेतली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

माझा एक शाळकरी मित्र द्राक्ष बागायतदार. त्यानं अशीच छत उघडणारी टू-सीटर घेतली. मी त्याला म्हटलं, वहीत खर्च लिही. एका वर्षाची वही माझ्यासमोर आहे. टायर 92 हजार. छताचा हायड्रॉलिक पंप मजुरीसकट 1 लाख 15 हजार. सर्व्हिस आणि ब्रेक 58 हजार. विमा 46 हजार. दोनदा पुण्याला फ्लॅटबेडवर नेली, 19 हजार. 15 वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाचे 40 हजार. बेरीज 3 लाख 70 हजार. गाडी चालली 2,100 किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला 176 रुपये, पेट्रोल वेगळंच! स्टेपनी नाही, कारण टायर रन-फ्लॅट. आपल्या स्टँडवरचा पंक्चरवाला त्याला हातसुद्धा लावत नाही.

ते 40 हजार ऐकून लोक दचकतात. एप्रिल 2022 मध्ये 15 वर्षांवरच्या साध्या कारच्या नूतनीकरणाची फी 5 हजार झाली, परदेशातून तयार आलेल्या कारची 40 हजार. तेही पाचच वर्षांसाठी. पर्यावरण कर वेगळा. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स आलाच. विम्याचंही ऐका. दहा वर्षांवरच्या गाडीच्या क्लेममध्ये धातूच्या पार्टचे निम्मे पैसे घसाऱ्यात कापले जातात. प्लास्टिक-रबराचेही निम्मे.

मित्राला पश्चात्ताप नाही, हेही सांगतो. संध्याकाळी छत उघडून निघाला की त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याची किंमत वहीत बसत नाही. बाग चांगली आहे, डोक्यावर कर्ज नाही. त्याला शौक परवडतो.

विचारणाऱ्या तिघांतल्या एकाचं तसं नाही. एवढ्या जुन्या गाडीला बँक सहसा दारात उभं करत नाही. तो सावकाराकडून उचलणार, तारण वडिलांची अडीच एकर. पंप गेला की गाडी दारात ताडपत्रीखाली, आणि व्याज मात्र चालू. मला काळजी त्या अडीच एकराची आहे.

म्हणून घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी करा. आरसीवरची वैधता कधी संपते ते बघा. अॅडव्हान्स देण्याआधी त्याच मॉडेलवर हात बसलेल्या मेकॅनिकला दाखवा. आणि किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर गाडी परवडत नाही, एवढं साधं आहे.

आणखी एक. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. बायपासवरच्या गाडी बाजारात गेलात तर आधी ते दाखवायला सांगा. दाखवलं नाही तर चहा पिऊन परत या.