वाळवंटातील जास्वंद

माझी थोरली बहीण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरालगतच्या चँडलर येथे मुलाकडे राहते. तिचे वय ७४. गेल्या एप्रिलअखेरीस मी तिच्याकडे सहा आठवडे राहून आलो. प्रवासात डॉक्टरकी घरी ठेवावी असा माझा नेम. या खेपेस मात्र भाच्याने मला बोलावले होते, तेच एका झाडाचा निकाल लावण्यासाठी.

झाड होते लाल जास्वंदीचे, मागच्या अंगणात कुंडीत लावलेले. आदल्या वर्षी जुलैतल्या एका दुपारी ताईला खिडकीतून त्याची पाने मलूल दिसली. घरात कोणी नव्हते. ती पाणी घालायला गेली आणि भिंतीपाशी चक्कर येऊन पडली. शेजाऱ्यांनी पाहिले म्हणून निभावले. तीन दिवस रुग्णालयात काढून ती घरी आली, तेव्हा भाच्याने फर्मान काढले : बागकाम बंद. ‘मामा, तुम्हीच समजावा तिला. कुंडी कोणाला तरी देऊन टाकू,’ तो म्हणाला. ताई एवढेच म्हणाली, ‘मग गणपतीला काय निवडुंग वाहू?’

फिनिक्स हे सोनोरन वाळवंटातील शहर. वर्षाकाठी पाऊस जेमतेम १८० मिलिमीटर. सॉल्ट आणि कोलोराडो या नद्यांचे पाणी कालव्यांनी आणले, म्हणून येथे वस्ती वाढली. बहुतेक अंगणांत हिरवळीऐवजी खडी पसरलेली असते. २०२३च्या उन्हाळ्यात येथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी ६४५ मृत्यूंशी उष्णतेचा संबंध नोंदवला गेला. दुपारी उन्हात पडलेल्या रबरी नळीतील पाण्याने हात भाजावा, असा हा ताप. भाच्याची भीती अवाजवी नव्हती.

एके दिवशी सकाळी आम्ही तिघे ‘डेझर्ट बोटॅनिकल गार्डन’ पाहायला गेलो. १९३९ साली स्थापन झालेल्या या उद्यानात उंच सग्वारो निवडुंग पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. पावसाचे पाणी खोडात साठवून ते महिनोन्‌महिने तग धरतात. जास्वंदीपाशी तशी सोय नाही. तिला दमट हवा आणि ओलसर माती हवी. ताई सग्वारोकडे पाहत म्हणाली, ‘हा इथलाच. मी आणि माझी जास्वंद मात्र पाहुण्या.’ तेव्हा मला उमगले की प्रश्न नुसत्या कुंडीचा नव्हता.

परतल्यावर मी आधी झाड तपासले. कुंडी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली. दुपारचे ऊन आणि तापलेल्या भिंतीची धग, दोन्ही मुळांना सोसावी लागत. आम्ही ते घराच्या पूर्वेला जमिनीत लावले, म्हणजे सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल. जमिनीखाली चुनखडीचा कठीण थर लागला. तो भाच्याने पहारीने फोडला. खाली पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घातले, खोडापासून मात्र थोडे दूर ठेवले.

पाने पिवळी, पण शिरा हिरव्या, असे दिसत होते. येथील मातीत लोह असते. परंतु माती अल्कधर्मी असल्याने ते मुळांना शोषता येत नाही. त्यासाठी चिलेटेड स्वरूपातील लोह द्यावे लागते. माझ्या दवाखान्यातही असेच घडते. लोहाची गोळी नियमित घेऊनही रक्त वाढत नाही; चौकशी केली की कळते, गोळी चहाबरोबर घेतली जाते. चहामुळे लोहाचे शोषण घटते. केवळ देणे पुरेसे नसते, ते अंगी लागावे लागते.

पाण्याचेही तसेच. रोज वरवर शिंपडल्यास पाण्यातील क्षार मातीच्या वरच्या थरात साचतात आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून अंतराने, पण खोलवर पाणी द्यावे. आम्ही ठिबकला टायमर लावला. दुपारी पाने मलूल झाली, तरी अनेकदा मातीत ओल असते आणि संध्याकाळी झाड आपोआप सावरते. आधी बोट खुपसून माती पाहावी. त्या जुलैतल्या दुपारी ताईने उन्हात धावण्याची बहुधा गरजच नव्हती.

मग ताईची तपासणी. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. वारंवार उठावे लागते म्हणून ती पाणीच कमी पिई. त्यातच उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. शरीर कोरडे पडले तरी घसा सांगत नाही. गोळी मनाने बंद करायची नव्हती. तिच्या तेथील डॉक्टरांशी बोलून उन्हाळ्यासाठी मात्रा आणि पाण्याचे प्रमाण ठरवून घेतले. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

शेवटी फ्रिजवर कागद लागला. बागेत जाणे पहाटे साडेपाच ते साडेसहा. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी. डोक्यावर टोपी, खिशात फोन. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर सूर्य मावळेपर्यंत अंगणात पाऊल नाही. चक्कर, मळमळ वा पायांत गोळे आल्यास तत्काळ घरात येऊन पडायचे आणि सुनेला हाक मारायची. बोलण्यात गोंधळ किंवा शुद्ध हरपणे हे उष्माघाताचे लक्षण. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवावी, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

भाचा कागद वाचून म्हणाला, ‘मामा, म्हणजे बाग राहणार?’ मी म्हणालो, ‘राहणार. वेळ बदलली.’ वृद्धांची काळजी घेताना आपण धोक्याबरोबर त्यांचा विरंगुळाही काढून टाकतो. मग ती व्यक्ती सुरक्षित राहते, पण खुर्चीत बसून राहते. पायांतले बळ जाते, झोप उडते, बोलणे कमी होते.

मी निघालो त्या दिवशी पहाटे झाडावर दोन फुले होती. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. ताईने एक देवाला वाहिले, दुसरे झाडावरच ठेवले. मग स्वयंपाकघरात जाऊन, मी न सांगता, पेलाभर पाणी प्यायली.