अंगणाची भुई

जुन्या घराच्या उत्खननात सगळ्यात अवघड काय, तर अंगणाची भुई. भिंत स्वतःच हाक मारते. दगडांची ओळ लागते, मातीचा रंग बदलतो, जोत्याचा कोपरा वर येतो. अंगणाला असले काही नसते. वर पडझडीची माती, खाली चोपलेला मुरूम आणि दोहोंच्या मध्ये राखाडी-पिवळसर पापुद्रा, बहुतेकदा बोटभरही जाड नसलेला. कुदळीच्या एका घावात तो जातो आणि गेल्याचे कळतही नाही. मध्ययुगीन घराच्या रोजच्या जगण्याविषयी कळण्यासारखे बरेच काही त्या पापुद्र्यातच असते. म्हणून खणताना माझा जीव भिंतींपेक्षा त्याच्यात अडकलेला असतो.

गोदावरीकाठच्या गावांत काळी आणि पांढरी अशी जमिनीची वाटणी जुनी आहे. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. शतकानुशतके त्याच जागी मातीची घरे पडत आणि त्यांच्यावरच नवी उभी राहत. राख, चुना, शेण आणि भिंतींची माती साचत जाऊन पांढर उंच झाली. अशाच एका पांढरीवर आम्ही खणत होतो. वरच्या थरांत मधोमध चौक आणि तीन बाजूंना ओसरी असलेले घर लागले. काळ्या दगडाचे जोते, वर मातीच्या भिंती. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, त्यानंतरच्या काळातले हे घर असावे, असे बांगड्यांच्या तुकड्यांवरून आधी वाटले. काळ्या काचेवर पिवळ्या, हिरव्या, तांबड्या काचेच्या पट्ट्या चढवलेल्या त्या बांगड्या. दख्खनच्या पांढरींवर या काळच्या थरांत त्या हमखास भेटतात.

भुई शोधायची म्हणजे आधी चौकाच्या एका कोपऱ्यात हातभर रुंदीची पट्टी खोल उतरवायची. तिच्या उभ्या कापावर हलके पाणी शिंपडायचे आणि थर वाचायचे. पाण्याने मातीचे रंग उठतात, सारवणाच्या बारीक रेघा एकाखाली एक दिसू लागतात. त्या मनात नीट बसल्या की मगच बाकीच्या चौकात हात घालायचा, तोही वरून खाली, शेवटच्या लेपापासून पहिल्याकडे. सकाळचे तिरपे ऊन या कामाला सर्वांत चांगले. माथ्यावरच्या उन्हात सगळी माती सारखीच दिसते. खुरपे आडवे धरून ओढत गेले की भुईवर आल्याचे हाताला आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. वरची भुसभुशीत माती आपसूक सुटते, खालची घट्ट राहते, खुरप्याचा आवाजही बदलतो. इथे घाई करणाऱ्याला मी ट्रेंचमध्ये उतरू देत नाही.

पांढरीच्या पोटातही जागोजाग काळी माती मिसळलेली असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते. वरच्या थरातला मणी किंवा नाणे अशा भेगेतून खालच्या भुईवर जाऊन बसू शकते. म्हणून भुईवर काही सापडले की ते कशात बसले आहे, हे आधी पाहावे लागते. लेपात रुतलेली वस्तू त्या भुईची. भेगेच्या मऊ मातीतली वस्तू वेगळ्या पिशवीत जाते, मग ती कितीही देखणी असो. चिलमीचा तुकडा असला तर हे फारच जपावे लागते. तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी इतकी नवी होती, की असद बेगने ती विजापुराहून नवलाईची वस्तू म्हणून अकबराच्या दरबारात नेली. भेगेतून उतरलेल्या चिलमीच्या एका तुकड्याने अख्ख्या घराचे वय भलतेच ठरू शकते.

त्या चौकात सारवणाचे पंचवीस-तीस लेप तरी सलग होते. खाली धुमसाने ठोकलेला मुरूम, त्यावर मातीचा थर आणि मग शेणामातीचे लेप. एका लेपावर अर्धवर्तुळाकार ओरखडे दिसले. झाडूचे असतील की मुळांचे, अशी आमची चर्चा चालली होती. घमेले घेऊन आलेल्या एका मावशी थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "हे सारवल्यालं हाय सर. डाव्या हातानं. बघा की, वळण कुणीकडं गेलंय." त्यांनी ओरखड्यांवर बोटे न टेकवता हवेतच हात फिरवून दाखवला. एका जागी बसून हात पोचेल तेवढे सारवायचे, मग मागे सरकायचे. प्रत्येक अर्धवर्तुळाचे टोक पुढच्याखाली गेले होते. कोणत्या कोपऱ्यातून सुरुवात झाली आणि कोणत्या उंबऱ्याशी काम संपले, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. तेव्हापासून अंगण खणताना मातीच्या घरात राहिलेल्या बायांचे मत मी आधी विचारतो आणि ते नोंदवहीत लिहून ठेवतो.

याच भुईचा छोटा ठोकळा अखंड कापून राळेत भिजवतात. तो टणक झाला की त्यातून ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शेणातले गवताच्या पेशींमधले सिलिकाचे कण त्यात दिसतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात तयार होणारे चुन्याचे इवलेसे गोळेही दिसतात. दोन लेपांमध्ये धुळीची रेघ असली तर भुई काही काळ तशीच पडून होती असे समजते. ज्या बाईचे नाव कोणत्याही कागदात नाही, तिच्या हातचे काम असे लेपालेपाने मोजता येते. हे पाहताना मी आजही भारावून जातो.

सारवलेली भुई सतत झाडली जाते, आणि हे खणणाऱ्याच्या फायद्याचे असते. मोठी खापरे, हाडे, राख उकिरड्यावर जाते, पायाखाली दबलेले मात्र राहते: बांगडीची कपची, मणी, माशाचा काटा, जळके धान्य. म्हणून भुईची माती चौकटी आखून, चौकटीनिहाय बारीक चाळणीने चाळायची आणि तिचा एक वाटा पाण्यात तरंगवायचा. जळके दाणे वर येतात. आमच्या चौकात असे दाणे पुरलेल्या उखळाभोवती जास्त मिळाले. ओसरीच्या कडेला जोत्याशी समांतर बारीक खड्ड्यांची ओळ होती. ती पागोळ्यांची. छपराचा वळचणीचा भाग भिंतीपासून किती पुढे आला होता, ते त्या ओळीवरून मोजता आले. एका कोपऱ्याच्या मातीत फॉस्फेट भरपूर निघाले. तिथे जनावर बांधत असावेत. रांगोळी सापडते का, असे भेटीला येणारे नेहमी विचारतात. ती मला अजून खात्रीने दाखवता आलेली नाही.

शेवटच्या लेपावर वाहून आलेल्या गाळाचा थर होता, त्यावर पडलेली भिंत. घर सोडून माणसे गेली होती. अशा वेळी दुर्गादेवीचा दुष्काळ ओठांवर येतो. १३९६ मध्ये सुरू होऊन बारा वर्षे टिकला, अशी त्याची आठवण परंपरेने जपली आहे. पण गाळ फक्त सारवणारे हात थांबल्याचे सांगतो. दुष्काळ, साथ, स्वारी, भाऊबंदकी की नदीने बदललेले पात्र, हे तो सांगत नाही. अहवालात मी "घर सोडले" एवढेच लिहिले. पुराव्याबाहेरचा दुष्काळ घरावर लादणे मला मान्य नाही.

आपल्याकडे मध्ययुगाचे थर फार काळ वरची माती म्हणून पाहिले गेले. सातवाहन किंवा ताम्रपाषाण युगापर्यंत पोचायची ओढ असे, आणि ती समजण्यासारखीही आहे. १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनी किती प्रेमाने उघडल्या गेल्या! कुठे चूल, कुठे कणगी, कुठे पुरलेले मूल, सगळे नोंदले गेले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला १९४५-४६ मध्ये हसमुख सांकळिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी बहमनी काळच्या वस्तीचीही दखल घेतली. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मात्र बहमनी किंवा निजामशाही घराच्या अंगणाला इनामगावच्या घराइतका वेळ दिल्याची उदाहरणे थोडी. त्या काळाचे कागद आहेत, मग खणायचे कशाला, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. कागदात वतन असते, महसूल असतो, तंटे असतात. लीळाचरित्रात पटिशाळ येते, ओटा येतो, सडासंमार्जन येते, आणि तेराव्या शतकातल्या घराचा वास त्यातून येतो हे खरे. तरी सडा कोणत्या मातीवर पडत होता आणि ती माती किती वेळा नवी केली गेली, हे भुईच दाखवते.

ही भुई आता झपाट्याने चालली आहे. पांढरीची माती शेतात टाकायला चांगली म्हणून ट्रॅक्टर भरभरून नेली जाते. जुना वाडा पाडला की जेसीबीने जोत्यापर्यंत खरवडतात, लाकूड आणि दगड विकतात, आणि चौकाची माती रस्त्याच्या भरावात जाते. तुमच्या गावात वाडा उतरवायचा असेल तर भिंती उतरल्यावर चौकाला हात लावण्याआधी पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या शिक्षकांना कळवा. स्वतः खणू नका. जमिनीत नाणी किंवा किमती ऐवज लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. सारवणाच्या लेपांसाठी असा कायदा नाही. तेवढी जबाबदारी आपण घ्यावी, एवढीच विनंती. निदान चौकाचा एक कोपरा, हातभर रुंदीचा, न उकरता ठेवा आणि आम्हाला बोलवा.