भंडारदऱ्याच्या काठावर एक रात्र

उन्हाळ्यात आसेगावी घागरभर पाणीही जपून वापरणारे आम्ही भंडारदऱ्याला पोहोचलो. कळसूबाईच्या डोंगररांगेत प्रवरा अडवून १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय. लाइफ जॅकेट बांधून, बिस्मिल्लाह म्हणून पहिल्यांदाच वल्ही हाती घेतली. होडी जागीच गोल फिरू लागली! मागच्याने दिशा सांभाळायची, पुढच्याने ताल धरायचा, हे उमगल्यावर ती सरळ निघाली. दुपारी वारा सुटताच पैलतीराचा हट्ट सोडून काठाकाठाने परतलो.

तंबूजवळ वुजू करताना धाकटी भसाभस पाणी ओतू लागली. वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण तिला सांगितली. तिने एका लोट्यात वुजू आटोपला. मग मुसाफिरांची इशा, चारऐवजी दोन रकात, आम्ही उघड्या आभाळाखाली अदा केली.

घरी परतल्यावरही तिचा लोटा एकच आहे. अल्हम्दुलिल्लाह!