सीमा उघडीच राहू दे

भारत-नेपाळ सीमा बंद करावी, निदान पासपोर्टशिवाय कुणाला येऊ देऊ नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि बागेत राखणीला नेपाळी गडी आहे, तरीही होतं. गावातल्या एका बंद घरात चोरी झाली, तेव्हा ग्रामसभेत उठून ‘नेपाळी ठेवणंच बंद करा’ म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो. चोर काही सापडला नाही. शेजारच्या बागेतल्या गड्याला मात्र दोन दिवस चौकीवर बसवून ठेवलं होतं आणि त्यात आम्हां कुणालाच वावगं वाटलं नव्हतं.

आज मला ती सीमा उघडी हवी आहे, आणि गड्याची दया आली म्हणून नव्हे.

कोकणातल्या बागा कुणाच्या जिवावर उभ्या आहेत ते इथल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. आमची पोरं मुंबईला, पुण्याला. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो आणि पालखी नाचवून परततो. मोहोर येतो तेव्हा फवारणीला, फळ धरल्यावर वानरांमागे धावायला, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून चढायला माणूस येतो तो पश्चिम नेपाळातून. आमचा गडी अछामचा. पहाटे वानरांची टोळी उतरली की तो पत्र्याचा डबा बडवत कलमांखालून धावतो. काढणीत झेला असा चालवतो की देठ तुटत नाही आणि चिकाचा डाग फळावर पडत नाही. दसरा आटोपून येतो, पाऊस लागला की जातो. घर सोडून कमवायला जाणं आणि गावी पैसे धाडणं कोकणाला नवं आहे का? मनीऑर्डरवर चूल पेटणारी घरं मी लहानपणी आमच्याच वाडीत पाहिली आहेत.

माझ्या मताला पहिला धक्का बसला तो २०१५ साली. त्या एप्रिलमध्ये नेपाळात मोठा भूकंप झाला. सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तराईतले मधेशी चिडले आणि रक्सौल-बीरगंजचा नाका बंद पडला. पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, सगळ्याची टंचाई झाली. आपलं सरकार म्हणत होतं की अडवणूक आम्ही केलेली नाही. नेपाळात मात्र हे कुणाला पटलं नाही. आमच्या गड्याचा भाऊ काठमांडूत टॅक्सी चालवतो, तो पेट्रोलच्या रांगेत रात्र काढत होता. फवारणीचा पंप धूत असताना गड्याने मला विचारलं, “सेठ, हमने आपका क्या बिगाडा?” मला उत्तर देता आलं नाही. नाकेबंदी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटली आणि मार्चमध्ये नेपाळने चीनशी वाहतुकीचा करार केला. शेजाऱ्याचं दार लावून घेतलं की तो दुसरं दार शोधतो, एवढं त्या वेळी कळलं.

मग मी १९५० चा भारत-नेपाळ करार काढून वाचला. तोवर माझी समजूत अशी की नेपाळ्यांना मोकळं येऊ देण्याची सवलत म्हणजे आपली मेहेरबानी. सातव्या कलमात लिहिलंय ते वेगळंच आहे: राहणं, मालमत्ता, व्यापार, येणंजाणं यांत दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना सारखी वागणूक द्यायची. बिहार-उत्तर प्रदेशातले न्हावी, गवंडी, भाजीवाले काठमांडूत पोट भरतात ते याच मोकळ्या सीमेवर. सुमारे १,७५० किलोमीटरची सीमा, दोन्हीकडे सोयरिकी. ती बंद केली तर आधी कुणाची वाट अडेल? २०२० च्या मार्चमध्ये ते दिसलंच. टाळेबंदी लागली, सीमेवरचा धारचुल्याचा पूल बंद झाला, आणि घरी जायला निघालेल्या काही नेपाळी मजुरांनी महाकाली नदीत उड्या टाकल्या. त्यांना अडवणारं सरकार त्यांचं स्वतःचं होतं. त्याच वर्षी सीमेवरचं लिपुलेख कुणाच्या नकाशात, यावरून दोन्हीकडची माणसं मोबाइलवर एकमेकांना शिव्या घालत होती. आमचा गडी तो पावसाळाभर बागेतच अडकला होता. त्याला त्या नकाशाशी काय देणंघेणं?

नोंद ठेवायला माझा आजही विरोध नाही. कोण आला, कुठे राहतो, हे पोलिसांना कळलंच पाहिजे. पण नोंद फक्त त्याचीच का? त्याला उचल किती दिली, कापली किती, हे मालकाने लिहून द्यायला नको? कलमावरून पडून कुणी जायबंदी झाला, तर आज कसलाही कागद नसतो. मालकाच्या मर्जीवर त्याचा दवाखाना चालतो.

दोन्ही देशांनी एकत्र बसून १९५० च्या कराराचा विचार करायला २०१६ मध्ये एक गट नेमला होता. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपले राज्यपाल झाले. अहवाल २०१८ मध्ये तयार झाला आणि वर्षानुवर्षं कुणी स्वीकारलाच नाही. सीमेबद्दल रागाने बोलणाऱ्यांनी, माझ्यासकट, आधी तो मागायला हवा होता. यंदाच्या ग्रामसभेत मी पुन्हा उठणार आहे: गड्यांची नोंद मालकाने करायची, मजुरीचा कागद त्याच्या हातात द्यायचा, आणि काढणीआधी त्याचा अपघात विमा उतरवायचा. विम्याचा हप्ता बागायतदाराने भरायचा.