पंचहौदातील एक रविवार

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांची पुण्याची फेरी बहुधा ठरावीक असते. पर्वती, सारसबाग, शनिवारवाडा, कसब्याचा गणपती, सवड असली तर आळंदी, आणि परतताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी बाकरवडी. गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचे नाव आपण ऐकलेले असते ते केवळ चहाच्या ग्रामण्यामुळे. त्या आवारात आजही रविवारी मराठीतून उपासना चालते, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या ध्यानी येत नाही.

आमचे डोईफोडिया हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनार तहसिलीतले गाव. महाराष्ट्राची हद्द फार दूर नाही. तरी शाळा हिंदी, कचेरी हिंदी, आणि मराठी टिकली आहे ती घरात आणि देव्हाऱ्यापुढे. ख्रिस्ती उपासना म्हणजे काहीतरी इंग्रजी वळणाची गोष्ट, अशीच आमची समजूत होती. पूर्वी बुऱ्हाणपुरात आमच्या शेजारी राहिलेले एक ख्रिस्ती कुटुंब आता पुण्यास असते. त्यांचे आग्रहाचे निमंत्रण आले, तेव्हा पेरण्या आटोपून आषाढातील एक रविवार आम्ही त्यासाठी राखून ठेवला. बरोबर आमच्या वृद्ध आत्याबाई होत्या. सोवळेओवळे त्या आजही कटाक्षाने पाळतात.

बुऱ्हाणपूरहून भुसावळ, मनमाड, दौंड असा पुण्याचा लोहमार्ग मराठी ख्रिस्ती इतिहासाच्या काठाकाठानेच जातो. वाटेत अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ही कर्मभूमी. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे ते घर आपणा सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. दौंड सुटल्यावर केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथलेच. बायबल साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणण्यासाठी या विदुषीने आपली अखेरची वर्षे तेथे वेचली.

पंचहौदातील देवालयाचे नाव ‘पवित्र नाम देवालय’. ख्रिस्ती मंडळी चर्चला ‘देवालय’ म्हणतात हे ऐकूनच आत्याबाईंचा निम्मा संकोच गेला. १८८५ साली उभ्या राहिलेल्या या वास्तूचे उंच घंटाघर दुरूनही दिसते आणि त्यात आठ घंटा आहेत. हे देवालय उभारले ऑक्सफर्डजवळील काउली येथील अँग्लिकन संन्यस्त पंथाच्या धर्मगुरूंनी. शेजारीच वाँटेज येथून आलेल्या भगिनींचे सेवाकार्य चाले. याच भगिनींच्या ओळखीने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथमंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजेच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. आज हे देवालय तिच्याकडे आहे.

बृहन्महाराष्ट्रीयांनी ध्यानी ठेवावे असे आणखी एक नाव या जागेशी निगडित आहे. नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन कुळातले. जन्म १८२५ सालचा, झाशीकडचा, आणि विद्या काशीची. ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघालेले हे शास्त्री १८४८ साली जौनपूर येथे स्वतःच ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे काउलीच्या धर्मगुरूंच्या सहवासात ते पुण्यासही राहिले. महाराष्ट्राबाहेर वाढलेला हा मराठी पंडित षड्दर्शनांशी अखेरपर्यंत वाद घालीत राहिला. त्याचा निष्कर्ष आपणास मान्य नसला, तरी त्याची व्युत्पन्नता अमान्य करता येत नाही.

उपासनेस आरंभ झाला. आमच्यासारख्या नवख्यास प्रथम जाणवते ती उठबस. गीताला उभे राहावयाचे, वाचनाला बसावयाचे, पापांगीकाराच्या वेळी गुडघे टेकावयाचे, आणि शुभवर्तमान वाचू लागताच पुन्हा सर्वांनी उभे राहावयाचे. आपल्याकडे देवळात जो तो आपल्या वेळेला येतो, घंटा वाजवतो, दर्शन घेऊन निघतो. येथे सारी मंडळी एका आवाजात एकच वाक्य म्हणते. आपल्या आरतीची आठवण व्हावी असेच ते होते. त्या दिवशीचे वाचन पेरणाऱ्याच्या दाखल्याचे होते: काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. नुकत्याच पेरण्या करून आलेल्या आम्हांस त्याचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे आजाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि पावसासाठी प्रार्थना झाली.

गीते होती ‘उपासना संगीत’ या संग्रहातील. त्यात टिळकांची पुष्कळ पदे आहेत. पेटीवर सूर धरला गेला आणि अभंगाचे वळण कानी पडताच आत्याबाईंचे बोट मांडीवर ताल धरू लागले. शब्दांतील देव निराळा होता. चाल मात्र त्यांच्या ओळखीची होती.

खरा प्रश्न उभा राहिला तो प्रभुभोजनाच्या वेळी. मंडळी रांगेने पुढे जाऊन भाकर व द्राक्षारस घेऊ लागली. आत्याबाई आमच्या कानाशी लागल्या, “अरे, देवापुढचा प्रसाद नाकारला तर यजमानांचा अपमान नाही का होणार?” घ्यावे तर आयुष्यभर पाळलेला नेम मोडतो, न घ्यावे तर पाहुणचाराचा अव्हेर होतो. यजमानीणबाईंनी त्यांची घालमेल ओळखली. त्या हळूच म्हणाल्या, “आत्याबाई, हा प्रसाद नव्हे. ज्यांनी बाप्तिस्मा घेऊन ही श्रद्धा पत्करली, त्यांनीच तो घ्यावयाचा असतो. तुम्ही स्वस्थ बसलात, तर त्यातच आमचा मान राहिला.” आत्याबाई हात जोडून बसून राहिल्या. आपल्याकडे प्रसाद सर्वांचा असतो आणि गाभारा मोजक्यांचा. येथे वेदीपर्यंत दृष्टीला आडकाठी नाही, पण भोजन मात्र श्रद्धेच्या कबुलीशी बांधलेले आहे. प्रत्येक धर्म आपली सीमा निराळ्या ठिकाणी आखतो, हे त्या घटकेस आम्हांस जसे उमगले तसे ग्रंथ वाचून उमगले नसते.

उपासनेनंतर आवारातच चहा आला. याच मिशनच्या आवारात १८९० साली गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कुणी प्यायले, कुणी पेल्यास नुसता हात लावला. नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे या दोघांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. ही हकीकत आत्याबाईंना ठाऊक होती. क्षणभर त्यांनी कपाकडे पाहिले, म्हणाल्या, “भाकर त्यांच्या देवाची होती, चहा तर माणसांचा आहे,” आणि कप उचलला.

वाचकांपैकी कुणास अशा उपासनेस जाण्याचा योग आला, तर आरंभापूर्वी पोहोचावे, मागच्या बाकावर बसावे, सर्वांबरोबर उभे राहावे आणि प्रभुभोजनाच्या वेळी निःसंकोच आपल्या जागी बसून राहावे. न समजले ते यजमानांस विचारावे. कुणाचा राग होत नाही. आपल्या मुलांसही बरोबर न्यावे. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकविण्याची काळजी वाहणाऱ्या आपणांस, देवघराबाहेरच्या देवालयातही हीच भाषा तितक्याच निष्ठेने प्रार्थनेत जपली जात आहे, हे एकदा तरी कानांनी ऐकणे अगत्याचे आहे.