बूढा तालाबच्या काठावरची सकाळ

नागपूरहून हावडा मार्गाने निघालेली गाडी दुर्ग-भिलाई मागे टाकून पाचेक तासांत रायपूरला पोहोचते. बहुतेक प्रवासी इथून पुढे सिरपूर, राजिम किंवा बस्तरकडे वळतात. खुद्द रायपुरात मुक्काम करा, असे सहसा कोणी सुचवत नाही. पण आजारातून उठलेल्या किंवा विस्कटलेला दिनक्रम पुन्हा नीट लावू पाहणाऱ्या माणसाने या शहरात निदान दोन सकाळी तरी काढाव्यात. इथल्या बूढा तालाबच्या परिसराशी अशा दोन व्यक्तींची नावे जोडलेली आहेत, ज्यांनी रायपुरात आपल्या आयुष्याची घडी नव्याने बसवली.

पहिला होता चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद. १८७७ साली त्याचे वकील वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला आले, तेव्हा पोटाच्या दुखण्याने खंगलेला हा मुलगाही कुटुंबाबरोबर इथे आला. रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा जंगलातला प्रवास बैलगाडीने, तोही दिवसच्या दिवस! रायपुरात त्याच्या योग्य शाळा नव्हती. आजच्या आईवडिलांना या एका गोष्टीनेच धडकी भरेल. पण नरेंद्राचे दिवस वडिलांशी आणि घरी येणाऱ्या मंडळींशी वाद घालण्यात, बुद्धिबळात आणि वाचनात गेले. स्वयंपाकाची गोडीही त्याला इथेच लागली. १८७९ साली तो कलकत्त्याला परतला, तो धडधाकट होऊन. त्याच वर्षी प्रवेश परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. बूढा तालाबला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि मध्यभागी स्वामीजींची भव्य बैठी मूर्ती आहे.

दुसरी कथा मराठी वाचकाला अधिक जवळची, तरी कमी ठाऊक असलेली. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) घरी मराठी बोलणारे, पण हिंदी पत्रकारितेचा पाया घालणारे. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. पुढे लोकमान्यांच्या विचारांचा प्रसार करणारा ‘हिंदी केसरी’ नागपूरहून चालवला. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या, विशेषतः थोरल्या भावाच्या आग्रहापुढे त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि ते सुटले. कालचे सहकारी तोंड फिरवू लागले. त्याहून जास्त त्यांचे स्वतःचेच मन त्यांना खाऊ लागले.

सप्रे लोकांपासून दूर झाले. रामदासी साधूच्या सहवासात माधुकरी मागून त्यांनी वर्षाहून अधिक काळ काढला. सोबतीला दासबोधाची पारायणे. पुढे रायपूरला येऊन त्यांनी रामदासी मठ सुरू केला, दासबोध हिंदीत आणला, मुलींसाठी शाळा काढली. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांचाच. मोडलेला माणूस सर्वात मोठे काम त्यानंतर करतो, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वात विलक्षण पान वाटते. तालाबजवळची सप्रे शाळा त्यांचेच नाव सांगते.

दासबोध निवृत्तीनंतर वाचायचा ग्रंथ, अशी आपल्याकडे समजूत आहे. तिला काही अर्थ नाही. अकराव्या दशकातला ‘शिकवण’ हा समास उघडून पाहा. पहाटे उठावे, काही पाठांतर करावे, स्वच्छ पाण्याने शुचिर्भूत व्हावे, थोडा फलाहार घेऊन कामाला लागावे, गोड बोलून माणसे राखावीत, जेवणानंतर काही वाचावे, चर्चा करावी, मग एकांतात त्यावर विचार करावा. समर्थांनी दिलेला हा चक्क दिवसाचा आराखडा आहे. ग्रंथात वीस दशक आणि दोनशे समास आहेत. रोज एक समास वाचायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, म्हणजे साडेसहा महिन्यांत ग्रंथ पुरा. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी, मोठ्याने केलेले थोडेसे वाचन भरकटलेल्या मनाला खुंटीला बांधते, याचा अनुभव कोणीही घ्यावा.

सकाळच्या न्याहारीसाठी मात्र रायपूरचे ऐकावे. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवून सकाळी मीठ, कांदा आणि हिरव्या मिरचीबरोबर खायचा. याला इथे ‘बासी’ म्हणतात. पाण्यात नुकताच घातलेला ताजा भात म्हणजे ‘बोरे’. पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा शेतकऱ्याच्या अंगात पाणी आणि मीठ टिकवणारे याहून स्वस्त अन्न नाही. किंचित आंबल्याने त्यात दह्यासारखे उपकारक जंतूही वाढतात. २०२२ साली राज्य सरकारने १ मे हा ‘बोरे बासी दिवस’ म्हणून साजरा केला, तेव्हा शहरी मंडळींनीही ती आवडीने खाल्ली. घरी करताना पाणी व भांडे स्वच्छ हवे, भात झाकलेला हवा, आणि वास बिघडला तर तो सरळ टाकून द्यावा. लहान मुले, गरोदर स्त्रिया व नाजूक पोटाच्या माणसांनी जपूनच.

वाचनाची सोय रायपुरात चांगली आहे. रामकृष्ण मिशनच्या विवेकानंद आश्रमात ग्रंथालय आहे. २०१८ साली सुरू झालेला नालंदा परिसर तर अहोरात्र वाचणाऱ्यांसाठी बांधलेला. तिथे तरुण मुले झाडांखाली पुस्तके घेऊन बसलेली दिसतात. मराठी कानाला ओळखीचे वाटेल असे तात्यापारा जुन्या शहरात आहे, आणि चौबे कॉलनीत १९३५ पासूनचे महाराष्ट्र मंडळ.

जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. तेव्हा पहाटे तलावावर फिरताना शाल लागते. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर बाहेर न पडलेलेच बरे. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या इथे थांबतात, विमानतळालाही स्वामी विवेकानंदांचेच नाव आहे. बासी हॉटेलात सहज मिळेलच असे नाही. ओळखीच्या घरी आदल्या रात्रीच सांगून ठेवावे, म्हणजे भात वेळेवर पाण्यात पडतो.